न आलेल्या पाण्याची रेघ

केबिन रोड

भाईंदर पूर्वेहून समुद्रकाठच्या पालीला जायला काय लागतं? रूळ ओलांडायचे, पश्चिमेला उत्तनची बस धरायची, आणि सुक्या मासळीचा वास नाकात शिरला की उतरायचं. एवढ्याशा वाटेला कोणी प्रवास म्हणत नाही, हे मला माहीत आहे. पण आमच्या बिल्डिंगीतले एक गृहस्थ सिंगापूरला जाऊन आले आणि तिथल्या स्वच्छ संडासांवर त्यांनी दोन पानं छापून आणली. मग मी पालीवर का लिहू नये? तिथे जे मी पाहिलं ते सिंगापुरात नसणार.

मी गवंडी. मूळ गाव रत्नागिरीकडे, शाळा तिसरीपर्यंत. या भागातल्या कितीतरी भिंती माझ्या हातच्या आहेत, आणि एकीलाही बाक नाही. वाचायची गोडी लागली ती कामावर, भजी बांधून आलेल्या कागदांमुळे. अशाच एका तेलकट कागदावर मी पुढच्या काळाची पहिली गोष्ट वाचली. त्यात एक माणूस खिशातून डबी काढतो आणि परदेशातल्या भावाशी बोलतो. जेवणाच्या सुट्टीत मी ती सांगितली तर सगळे हसले. "मिस्त्री, उन्हानं तुझं डोकं तापलं," म्हणाले. आता त्यांच्यातला जो एक जिवंत आहे त्याच्या खिशात ती डबी आहे, आणि तो मला मिस्ड कॉल देतो.

तेव्हापासून मला या विज्ञानकथांचं वेड. सूनबाई वाचनालयातून दिवाळी अंक आणते. आत तसली गोष्ट असली की पान दुमडून म्हणते, "बाबा, तुमचं आलं." मी ओळीखाली बोट ठेवून वाचतो. वेळ लागतो, पण एकदा वाचलेलं डोक्यातून जात नाही.

त्या वर्षीच्या अंकातली गोष्ट समुद्राची होती. पन्नास वर्षांनी समुद्र कंबरभर वर येतो. एकदम येत नाही, वाजतगाजत येत नाही. आधी दारातलं पायपुसणं भिजतं. माणसं पायपुसणं उचलून ठेवतात. मग खाटेखाली विटा लावतात. मग धान्याचे डबे फळीवर जातात. सवय होत जाते. शेवटी गाव रिकामं होतं तेव्हा आपण नक्की कुठल्या दिवशी बुडालो हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरा कोणी ही गोष्ट वाचून पान उलटेल. मी उलटलं नाही. आदल्याच्या आदल्या वर्षी जुलैच्या पावसात केबिन रोडवरच्या आमच्या खोलीत गुडघ्याच्या वर पाणी होतं आणि माझ्यासमोर गव्हाचा डबा होडीसारखा फिरत होता. पाणी ओसरल्यावर आम्ही काय केलं? खाटेखाली विटा लावल्या.

माघ महिन्यात पालीहून इनासचा निरोप आला. इनास कोळी आहे, ख्रिस्ती, माझ्याच वयाचा. तरुणपणी त्याच्या घराची पडवी मी बांधली तेव्हापासूनची आमची दोस्ती. निरोप असा, की जुनं घर पाडलंय, नवं बांधतोय, पायाचा दगड तूच बसवायचा.

मी थैलीत थापी, ओळंबा, दोरी, निळीची पुडी घातली. पाण्याची नळी गळ्यात अडकवली. ही आमची लेव्हलची नळी. पारदर्शक असते, आत पाणी भरायचं, दोन टोकं दोघांनी दोन भिंतींना धरायची. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं, तिथे खूण करायची. गल्ली वाकडी असो, जमीन उताराची असो, पाणी खोटं बोलत नाही.

"बाबा, या वयात पाया घालायला निघालात?" सून म्हणाली.

"पाया बसूनच घालतात," मी म्हणालो, आणि निघालो.

राई

बसमध्ये माझ्या शेजारी एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस होता. खिडकीकडे बघून तो एकदम म्हणाला, "नही नही, माल आज ही चाहिए." मी थैली जवळ ओढली. पुन्हा म्हणाला, "अरे सुनो तो सही!" मी म्हणालो, "सुन रहा हूँ भाई, बोलो." तेव्हा त्याने मान वळवली. कानात एक छोटंसं बोंडूक अडकवलेलं, त्यात निळा दिवा लुकलुकत होता. मला बरं वाटलं. माणूस वेडा नव्हता. शिवाय ही वस्तू मी वीस वर्षांपूर्वी एका गोष्टीत वाचलेली होती. तिथे ती चंद्रावर वापरत होते, इथे मुर्धा गावाच्या पुढे, बसमध्ये.

राई गावाशी बस बंद पडली. कंडक्टर म्हणाला, दुसरी येईल. मी खाली उतरलो. रस्त्याच्या कडेला हे भलंमोठं पाटीचं चित्र: काचेचे मनोरे, मधे निळं तळं, हिरवळीवरून चालणारी गोरी माणसं. एकाही गॅलरीत कपडे वाळत नव्हते, एकाही माणसाच्या हातात पिशवी नव्हती. पाटीच्या सावलीत एक आगरी बाई पालेभाजीच्या जुड्या घेऊन बसली होती.

"काय बगताव बाबा?" तिने विचारलं.

"चित्र बघतोय. छान आहे."

"छान हाय. त्या तल्याच्या जागंवर आमचा शेत हाय. पावसान पानी भरतां तवा तला दिसतां खरा." आणि ती अशी हसली की मलाही हसू आवरेना. "मेथी नेताव काय?"

मी मेथी घेतली आणि पुन्हा पाटीकडे पाहिलं. एक गोष्ट ध्यानात आली. ही पाटीसुद्धा पुढच्या काळाची कथाच आहे की! कोणीतरी बसून रचलेली. फरक इतकाच, की हिच्याखाली फोन नंबर असतो. आणि हिच्यावर लोकांचा विश्वास बसतो. माझ्या अंकातल्या गोष्टीला जे हसतात तेच या चित्रावर विश्वास ठेवून भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाजणात घर घेतात.

दुसरी बस आली, पण कंडक्टरला नळी पसंत पडेना. "आजोबा, ये साँप किसका है?" "माझाच," म्हणालो, "पाणी पितो, चावत नाही."

पाली

पालीत गल्ल्या एवढ्या अरुंद, की समोरून मोटरसायकल आली तर आपण कोणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं आणि त्या घरातल्यांनी "बसा" म्हणायचं. किनाऱ्यावर वलांड्या उभ्या होत्या. वलांडी म्हणजे बांबूंना दोऱ्या बांधून केलेली मासे सुकवायची मांडणी. बोंबील तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने टांगलेले. आमच्या कोकणात लग्नातल्या मुंडावळ्या हलतात तशा ते हलत होते.

इनासचं घर पाडलेलं होतं. घरचे सगळे शेजारीच, भावाच्या घरात राहत होते. बायको रोजीबाय, आणि इनासची म्हातारी आई. तिला सगळी गल्ली मोठीमाय म्हणते. कान शाबूत, डोळे शाबूत, दात नाहीत.

"आला काय मिस्त्री पोरा," ती म्हणाली. सत्तरी ओलांडल्यावर मला पोरा म्हणणारं माणूस जगात हे एकच.

रोजीबायने ताजे बोंबील केले होते. आम्ही कोकणातले मासळीला कोकम घालतो. इथे चिंच, आणि बाटलीत ठासून भरलेला लाल मसाला. उन्हाळ्यात तो कुटतात तेव्हा सगळी गल्ली शिंकते म्हणे. तांदळाची भाकरी होती. मी पोटभर जेवलो आणि मग विषय काढला.

"इनास, जोतं किती उंच घेतोयस?"

"होतं तवढंच. क्रुसाच्या ओट्याला लागून."

हा त्यांच्या गल्लीचा रिवाज. गल्लीच्या मध्यावर एक दगडी क्रूस आहे, गुडघाभर उंचीच्या ओट्यावर. कोणीही आपल्या घराचं जोतं त्या ओट्यापेक्षा उंच बांधायचं नाही. देवापेक्षा कोणी वर उभं राहायचं नाही, आणि शेजाऱ्यापेक्षाही नाही. रिवाज मला आवडतो. पण मी गोष्ट वाचून आलो होतो.

"कंबरभर घे," मी म्हणालो, आणि का ते सगळं सांगितलं. समुद्र, पायपुसणं, विटा.

इनासने तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "ह्या कुठं लिवलंय?"

"दिवाळी अंकात."

"रोजी, आयकलंस काय? मिस्त्री गोष्ट वाचून माजा घर उचलतोय."

"हे बघ," मी म्हणालो, "रेडिओवरची बाई सांगते वादळ येतंय, बंदरात बावटा लागतो. तू होडी वर ओढतोस की नाही?"

"ओढतो."

"त्या बाईला पाहिलंयस?"

"ती उद्याचा सांगते. तुजा गोष्टीवाला पन्नास वर्सांचा सांगतो. त्याला काय ठाव?"

"मग तू घर किती वर्षांचं बांधतोयस? उद्यापुरतं?"

त्याने भाकरी मोडली. मला वाटलं, जिंकलो. पण इनास जाळं हळूच ओढणारा माणूस.

"गोल्यांचा काय झाला?" त्याने विचारलं.

"कसल्या गोळ्या?"

"पडवी बांधतानी तूच सांगलंस. दोन हजार साली मानूस गोली खाऊन पोट भरंल, मासली कोन घेनार न्हाय. मना झोप न्हाय लागली तवा. होडी इकायला निंगालतो! आता दोन हजार साल जाऊन सात वर्सां झाली, आनि तू माजे घरान आठवा बोंबील खातोस."

रोजीबाय पदर तोंडाला लावून हसत आत गेली. मोठीमाय उघड हसली.

मी ताटाकडे पाहिलं. आठवा होता. पण हाती घेतलेलं मी टाकत नाही, बोंबील असो की शब्द. "मी ओट्याएवढं जोतं घालणार नाही," म्हणालो. "घातलं तर कंबरभर. नाही तर थैली उचलतो."

"मंग दुसरा मिस्त्री मिलंल."

"मिळेल."

आमच्या दोस्तीत असा सूर पूर्वी कधी लागला नव्हता.

उधाण

सकाळी मी किनाऱ्यावर एकटाच फिरलो. गोळ्या डोक्यातून जाईनात. इनासचं खोटं नव्हतं. मी या गोष्टी पंचांगासारख्या वाचत आलो होतो. अमुक साली अमुक होणार, झालंच पाहिजे. डबी आली, कानातलं बोंडूक आलं, मीरा रोडला आपोआप उघडणारं दार आलं, तेव्हा मी छाती फुगवून सांगत फिरलो. गोळ्या आल्या नाहीत, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही.

मग गोष्टी खोट्या म्हणून सोडून द्यायच्या? ते मला पटेना. भिंत बांधायच्या आधी आम्ही दोरी बांधतो. तेव्हा भिंत नसते, नुसती दोरी असते, रिकाम्या जागेत ताणलेली. भिंत दोरीबरहुकूम येईलच असं नाही, पण दोरीवाचून बांधणाऱ्याची भिंत कुठे जाते ते मी पुष्कळ पाहिलंय. ठरवलं, की इनासला आता सांगत बसायचं नाही, दाखवायचं.

त्या दिवशी पौर्णिमा होती, दुपारी मोठी भरती. मी गल्लीत मोठ्याने सांगितलं, "बघा, आज पाणी गल्लीच्या तोंडाला लागेल!" जाळी विणणारे उठले, बोंबील पालटणाऱ्या बायका थांबल्या. सगळे बंधाऱ्यावर आले. पाणी चढलं, चढलं, आणि बंधाऱ्याच्या खालच्या दगडांशी थांबलं. तिथेच थोडं घुटमळलं, मग मागे सरलं.

"मिस्त्री," एकजण म्हणाला, "पानी तुमाला भेटाया आलतां, तुमी चाय न्हाय पाजली."

सगळे खदखदले. सगळ्यात जास्त इनास. "खरा उधान आखाडान. माघान काय बगतोस?"

माझे कान तापले. तरी मी विचारलं, "मग आषाढात कुठवर येतं?"

तेव्हा रोजीबाय म्हणाली, "गेल्या आखाडान आमचे मोरीन आलतां. गटारातना वर. समिंदराचा, खारा."

"तू गप ऱ्हा," इनास म्हणाला.

"मी का गप ऱ्हाऊ? मोरी मी धुतली का तू?"

मला एवढंच हवं होतं. नळी काढली, पाणी भरलं. "वहिनी, दुसरं टोक धरा." रोजीबायने पदर खोचला आणि धरलं. पाडलेल्या घराची मोरी तेवढी अजून उभी होती, आत त्या खाऱ्या पाण्याची खूण होती. तिथून कंबरभर उंची मोजली, आणि मग आम्ही दोघं गल्लीभर फिरलो. ती पुढच्या भिंतीला टोक लावायची, पाणी स्थिर झालं की म्हणायची, "बसला." मी खूण करायचो, निळीत बुडवलेली दोरी ताणायचो आणि सोडायचो. टप्प. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर सरळ निळी रेघ. कोणाच्या दाराच्या कडीखालून गेली, कोणाच्या खिडकीतून गेली. क्रुसाचा ओटा तर तिच्या पुष्कळ खाली राहिला.

शेवटी इनासच्या भावाचं घर आलं. मोठीमाय उंबऱ्यावर बसली होती. दोरी तिच्या डावीकडून उजवीकडे गेली. तिने मान वळवून एका बाजूची रेघ पाहिली, मग दुसऱ्या बाजूची, आणि दोन्हींच्या मधे आपलं काय येतं ते हाताने चाचपलं. हात गळ्याशी आला.

"हितवर?" तिने विचारलं.

मी दोरी गुंडाळायला घेतली.

इनास पेटला. "माजे आयचे गल्यावर पानी दाखवतोस? पाया घालाया बोलावला तुला, का मरान लिवाया?" त्याने ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवरची रेघ खसाखसा पुसायला लागला. कोळी माणूस, त्याला जाळ्याचा रंग माहीत, निळीचा नाही. नीळ ओल्या फडक्याने जात नाही, पसरते. तो जितका पुसत गेला तितकी ती खाली ओघळत गेली. उंबऱ्यापासून गळ्यापर्यंत भिंत निळी झाली. तो थांबला तेव्हा सगळी गल्ली बघत उभी होती. भिंतीला पाणी लागल्यासारखंच दिसत होतं.

आता कोणी हसलं नाही. मी जे कालपासून बोलून दाखवू शकलो नव्हतो ते इनासनेच फडक्याने भिंतीवर चितारलं होतं.

मोठीमाय म्हणाली, "इनास, फडका ठेव. मी लगीन होऊन आले तवा आमच्या वलांड्या कुठं होत्या, तुला ठाव हाय?"

"कुठं?"

तिने समुद्राकडे बोट केलं. तिथे होड्या नांगरून डुलत होत्या. "थय. आनि हा क्रूस पन थयच होता. पानी लागाया लागला तवा तुज्या बापानी आनि चौघांनी उचलून हितं आनला. तवा कोनी गोष्ट न्हाय लिवलीती. उशीर झालता, ओटा फुटला, तो थयच ऱ्हायला." तिने क्रुसाकडे पाहिलं. "क्रुसाच्या वर घर न्हाय बांधायचा, बरोबर हाय. मंग आदी क्रूस उचला. घरां येतील मागना."

क्रूस

पुढच्या सकाळी इनास माझ्याशी न बोलता फादरना घेऊन आला. तरुण फादर, वसईकडचे. त्यांनी ओटा पाहिला, निळी भिंत पाहिली.

"ही रेघ कोणी मारली?"

"मी," म्हणालो. "गोष्टीत वाचलं."

"गोष्ट खरी ठरेल असं वाटतं तुम्हाला?"

दोन दिवसांपूर्वी मी हो म्हणून मोकळा झालो असतो. "माहीत नाही," मी म्हणालो. "पुष्कळ ठरत नाहीत. ही न ठरली तर तुमचं काय जाईल? चार पायऱ्या जास्त चढाव्या लागतील."

फादर मोठीमायकडे वळले. "तुम्हाला चढवतील का पायऱ्या, मोठीमाय?"

"मना उचलून नेतील," ती म्हणाली. "क्रूस उचलतील त मी किती जड?"

फादरनी होकार दिला. दुपारपर्यंत गल्लीतल्या बाप्यांनी दोरखंड आणले, होडी वर ओढतात तशा आरोळ्या देत क्रूस अलगद उचलला आणि वलांडीच्या बांबूंवर आडवा ठेवला. बायकांनी त्यावर पांढरी चादर घातली. मी ओट्याच्या चार कोपऱ्यांना खुंट्या मारल्या आणि दोरी धरायला कोणी हवं म्हणून मागे पाहिलं. इनास उभा होता. त्याने दुसरं टोक हातात घेतलं.

दोन दिवस आम्ही काम केलं. मी बसून दगड बसवायचो, तो दगड द्यायचा. जेवताना रोजीबायने माझ्या ताटात एक बोंबील जास्त वाढला आणि म्हणाली, "गोली समजून खावा, भाऊ." ओटा संपला की त्याच दोरीच्या मापाने इनासच्या जोत्याचा पहिला दगड बसणार होता. समोरच्या घरातला माणूस येऊन विचारून गेला, की पुढच्या वर्षी त्यालाही पडवी उचलायची आहे, नळी मिळेल काय. मी म्हणालो, नळी मिळेल, टोक धरायला रोजीबायला विचारा.

शेवटचा थर रेघेला लागला. मी ओळंबा सोडून पाहिला, नळी लावून पाहिली. सूतभर फरक नव्हता. थापी धुवायला घेतली.

"थांब," इनास म्हणाला. तो भावाच्या भिंतीवरच्या निळ्याकडे बघत होता. मग त्याने बाजूच्या ढिगातला एक चांगला दगड दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्यासमोर ठेवला.

"आजून एक थर घे, मिस्त्री. त्या गोल्यांवानी तुजा गोष्टीवाला हितं पन चुकला आसंल, पानी रेघंच्या वर आला त?"